एकशाल्मली : वत्सगुल्मांतील वसंतविहार

माघ सरतां सरतां वाशीमच्या भोंवतालच्या माळावर कांटेसांवरीचीं पानें गळून जातात आणि उघड्या फांद्यांवर तळहाताएवढीं तांबडीं फुलें उमलूं लागतात. साळुंक्या, बुलबुल आणि कावळे त्यांतील मधासाठीं पहांटेपासून गर्दी करतात. शेतांत हरभरा घाट्यांवर आलेला असतो, गहूं पिवळा पडूं लागतो, आणि उन्हाचा ताप अजून सोसण्याजोगा असतो. अशा दिवसांत सुटी मिळाली कीं शहरांतील कुटुंबें डबे बांधून शेतावर, तळ्याकांठीं किंवा टेकडीवर जातात. कोणी नवा खेळ शिकतो, कोणी पक्षी ओळखण्याचा छंद लावून घेतो. या सहली पाहून पुष्कळ सुशिक्षित माणसांचा असा समज होतो कीं, रविवारची सुटी जशी इंग्रजी अमलांत आली, तशी ही हौसही तिच्याच पाठोपाठ परदेशांतून आली. सुटीच्या वारापुरतें तें खरें आहे. हौसेचा इतिहास मात्र फार जुना आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचें पान खुद्द वाशीमचें आहे.

ज्या सांवरीखालीं हीं कुटुंबें आज सतरंजी अंथरतात, तिच्या नांवाचाच एक खेळ प्राचीन संस्कृत ग्रंथांत नोंदलेला आहे. त्या खेळाचें नांव एकशाल्मली. शाल्मली म्हणजे सांवर. फुलांनी लहडलेली एकच मोठी सांवर गांठावयाची, सर्वांनी तिच्याभोंवतीं जमावयाचें, आणि तिच्याच फुलांचीं आभूषणें करून दिवसभर खेळावयाचें, असा तो खेळ. वात्स्यायनानें कामसूत्रांत त्याचें केवळ नांव दिलें आहे. तेराव्या शतकांतील यशोधर या टीकाकारानें आपल्या जयमंगला टीकेंत त्याचा अर्थ उलगडला, आणि हा खेळ कोणाचा तें सांगतांना वैदर्भांचें नांव घेतलें. एवढ्या मोठ्या देशांत या खेळासाठीं उदाहरण म्हणून विदर्भच आठवावा, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. त्यामागें काय होतें हें समजण्यास प्रथम वाशीमकडे वळलें पाहिजे.

वाशीमचें जुनें नांव वत्सगुल्म. आजचा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झाला. इंग्रजी अमलांतही बासीम या नांवाचा जिल्हा होता, तो १९०५ सालीं मोडला. परंतु दोन्हींच्या पूर्वीं, सुमारें सोळाशें वर्षांमागें, वत्सगुल्म ही एका राज्याची राजधानी होती. वाकाटक सम्राट् पहिला प्रवरसेन याच्यानंतर त्याचें राज्य विभागलें गेलें. त्याचा पुत्र सर्वसेन यानें चौथ्या शतकाच्या पूर्वार्धांत वत्सगुल्म येथें आपली गादी स्थापिली. ही शाखा इतिहासाला जवळजवळ अज्ञात होती. १९३९ सालीं वाशीमचा ताम्रपट प्रकाशांत आला, तेव्हां सर्वसेन आणि त्याचा पुत्र दुसरा विंध्यशक्ति यांचीं नांवें उजेडांत आलीं. पुढें महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनीं अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यांतील शिलालेख पुन्हां वाचला, आणि पूर्वीं नीट न लागलेलें सर्वसेनाचें नांव तेथेंही निश्चित झालें.

हा ताम्रपट दानाचा आहे. विंध्यशक्तीनें राज्याच्या सदतिसाव्या वर्षीं वत्सगुल्माहून नंदिकट म्हणजे नांदेडच्या बाजूचें एक गांव ब्राह्मणांना दिल्याची ती नोंद. करमणुकीशीं तिचा वरवर कांहींच संबंध दिसत नाहीं. परंतु एक गोष्ट तीत लक्ष वेधून घेते. राजवंशाचें वर्णन संस्कृतांत आहे, आणि दानाचा व्यवहार प्राकृतांत. दरबाराची भाषा आणि लोकांची भाषा एकाच पत्र्यावर शेजारीं शेजारीं नांदत आहेत. हीच गोष्ट पुढें या नगराच्या मनोविनोदांतही दिसून येते.

कामसूत्राचें नांव ऐकतांच पुष्कळांच्या भुंवया वर चढतात. तथापि त्याच्या पहिल्या अधिकरणाचा चौथा अध्याय कोणत्याही घरांत मोठ्यानें वाचावा असा आहे. त्याचें नांव नागरकवृत्त. नगरांत राहणाऱ्या सुसंस्कृत गृहस्थानें घर कसें मांडावें आणि दिवस कसा घालवावा, हें त्यांत सांगितलें आहे. त्याच्या खोलींत खुंटीला वीणा टांगलेली असावी, चित्राची फळी, रंगांची पेटी आणि एखादें पुस्तक हाताशीं असावें. सुतारकामाचा छंद करण्यास घराच्या एका बाजूस निराळी जागा असावी, आणि बागेंत दाट सांवलीखालीं अंथरूण घातलेला झोंपाळा असावा. फुरसतीच्या वेळीं हातांनीं कांहीं घडवावें, ही अपेक्षा त्या काळींही होती असें यावरून दिसतें.

याच अध्यायांत सार्वजनिक करमणुकीचे पांच प्रकार सांगितले आहेत. देवालयांतील उत्सव, गोष्ठी म्हणजे मित्रमंडळींच्या बैठकी, पानगोष्ठी, उद्यानयात्रा, आणि सर्वांनीं मिळून खेळावयाचे खेळ. पंधरवड्याच्या किंवा महिन्याच्या ठरलेल्या दिवशीं सरस्वतीच्या मंदिरांत मंडळी जमत. परगांवाहून नट आले तर त्यांचा खेळ पाहावा, दुसऱ्या दिवशीं त्यांस बिदागी द्यावी, आणि आवडल्यास पुन्हां खेळ करावयास सांगावें, नाहींतर निरोप द्यावा, असा नियम होता. नवें पाहण्याची हौस, आणि तें आवडतें कीं नाहीं हें ठरविण्याची रसिकता, या दोन्हींना येथें स्थान आहे. ठरलेल्या दिवशीं ठरलेल्या ठिकाणीं जमण्याची ही रीत पाहिली म्हणजे सुटीचा दिवस ही कल्पना भारतीय समाजास अगदींच परकी नव्हती, हें पटतें.

उद्यानयात्रेचें वर्णन तर आजच्या सहलीशीं पुष्कळच जुळतें. सकाळीं लौकर न्हाऊन नटून घोड्यावर बसावें, नोकरचाकर बरोबर घ्यावे, आणि नगराबाहेरच्या बागेंत दिवस काढावा. तेथें कोंबड्यांच्या, लाव्यांच्या आणि मेंढ्यांच्या झुंजी लावाव्या, सोंगट्या खेळाव्या, नाच पाहावा. दुपार कलल्यावर परत फिरावें, आणि फिरतांना त्या बागेची कांहीं खूण, एखादा तुरा किंवा पालवी, अंगावर मिरवीत घरीं यावें. सहलीहून परततांना कांहींतरी घेऊन येण्याची आवड माणसाच्या मनांत किती जुनी आहे, तें या एका वाक्यावरून कळतें. उन्हाळ्यांत अशाच प्रकारें जलक्रीडेस जावें, मात्र ज्या पाण्यांतून मगरी काढून टाकलेल्या आहेत अशाच पाण्यांत उतरावें, अशी काळजीही सूत्रकारानें घेतली आहे.

वाशीमचा या ग्रंथाशीं प्रत्यक्ष संबंधही आहे. राजवाड्यांतील चालीरीतींच्या संदर्भांत त्यांत वत्सगुल्मकांचा उल्लेख आला आहे, आणि दक्षिणापथांतील वत्स आणि गुल्म या दोन राजपुत्रांच्या नांवावरून त्या प्रदेशाचें नांव पडलें, असें टीकाकार म्हणतो. वाशीमची स्थानिक कथा निराळी आहे. ती वत्स ऋषीच्या तपश्चर्येची आणि एकशें आठ तीर्थांची आहे. नांवाची उत्पत्ति कोणतीही असो, हें नगर त्या काळच्या सुसंस्कृत समाजाला चांगलें ठाऊक होतें एवढें निश्चित.

वात्स्यायन खेळांचे दोन वर्ग करतो. कांहीं खेळ सर्व देशांत चालणारे. यक्षरात्रि, कौमुदीजागर आणि सुवसंतक हे त्यांतले. कौमुदीजागर म्हणजे आश्विनी पौर्णिमेची जाग्रणाची रात्र, महाराष्ट्र जिला कोजागरी म्हणतो ती. सुवसंतक हा वसंताच्या आगमनाचा उत्सव. दुसरे खेळ त्या त्या देशाचे. आंब्याचीं फळें तोडण्याचा सहकारभंजिका, कमळाचे देंठ खाण्याचा बिसखादिका, पहिल्या पावसानंतर नव्या पालवीच्या रानांत खेळावयाचा नवपत्रिका, आणि वेळूच्या नळींतून एकमेकांवर पाणी उडविण्याचा उदकक्ष्वेडिका. रंगपंचमीच्या दिवशीं वाशीमच्या गल्ल्यांतून पिचकारी घेऊन धांवणारें पोर हा शेवटचा खेळ पुढें चालवीत असतें, आणि पळसाच्या फुलांचा रंग जेथें अजून करतात तेथें तर तो रंगही रानांतूनच आलेला असतो.

आणखी एक खेळ अभ्यूषखादिका नांवाचा आहे. ताटावरच असलेलें हिरवें धान्य आगींत भाजून तें सर्वांनीं मिळून खाणें, एवढाच तो खेळ. वऱ्हाडांतल्या कोणत्याही माणसास याचें भाष्य करून सांगण्याची आवश्यकता नाहीं. पौषांत ज्वारीचीं कोंवळीं कणसें आगटींत भाजून हातावर चोळून खाल्लेला हुरडा, आणि पुढें माघ-फाल्गुनांत शेताच्या बांधावर भाजलेले हरभऱ्याचे डहाळे, हें दुसरें काय आहे? नांव बदललें, खेळ राहिला. शहरांतील मंडळी आज पैसे मोजून ज्या हुरड्याच्या सहलीस जातात, तिला खेळाचा मान सोळाशें वर्षांपूर्वींच मिळालेला आहे.

या दोन वर्गांमध्यें एक सूक्ष्म विचार आहे. सर्वदेशीय उत्सव माणसाला मोठ्या समाजाशीं जोडतात. देशी खेळ त्याला त्याच्या जमिनीशीं जोडतात. आंबा जेथें आहे तेथें सहकारभंजिका, कमळें जेथें आहेत तेथें बिसखादिका. विदर्भाच्या कोरड्या माळावर जें झाड ऐन वसंतांत आपलें सर्व वैभव एकदम उधळतें तें सांवरीचें, म्हणून वैदर्भांचा खेळ एकशाल्मली. त्यास बाग लावावी लागत नाहीं, माळी ठेवावा लागत नाहीं. झाड रानांत उभें आहे. फुलें खालीं पडलेलीं आहेत. लागतो तो केवळ एक मोकळा दिवस, आणि बरोबर चार माणसें.

नवे खेळ पसरत कसे, याचेंही उत्तर या अध्यायांत मिळतें. खेड्यांत राहणाऱ्या माणसानें आपल्या बरोबरीच्या चतुर आणि जिज्ञासू लोकांस जमवावें, त्यांस नगरांतील जीवनाचें वर्णन सांगावें, त्यांच्या मनांत त्याविषयीं आवड उत्पन्न करावी, आणि मग तसेंच आपणही करावें, असें सूत्रकार म्हणतो. गोष्ठींविषयींचा त्याचा उपदेश तर अधिकच मार्मिक आहे. बैठकींत बोलणाऱ्यानें अगदीं संस्कृतांतच बोलूं नये आणि अगदीं देशभाषेंतच बोलूं नये. दोहोंचा मेळ घालणारा लोकांत मान पावतो. ज्या बैठकीचा लोक तिटकारा करतात, जी स्वैर वागते किंवा दुसऱ्याच्या नाशासाठीं जमते, तींत शहाण्यानें पाऊल टाकूं नये. एका ताम्रपटावर दोन भाषा कोरणाऱ्या नगराला पहिला उपदेश निराळा सांगावा लागला नसेल.

या सर्व विहारांतून शेवटीं काय निपजलें? वत्सगुल्मापुरतें उत्तर द्यावयाचें तर काव्य निपजलें. सर्वसेन स्वतः कवि होता. त्यानें हरिविजय नांवाचें प्राकृत महाकाव्य रचलें. सत्यभामेचा रुसवा काढण्यासाठीं श्रीकृष्णानें स्वर्गांतून पारिजात आणल्याची कथा त्यांत होती. म्हणजे कथेचें मूळच एका फुलझाडांत. तें काव्य आज अखंड उपलब्ध नाहीं. अलंकारशास्त्राच्या ग्रंथांत त्यांतील गाथा विखुरलेल्या सांपडतात. आनंदवर्धनानें ध्वन्यालोकांत त्यांतील जी गाथा उदाहरणासाठीं घेतली आहे, ती वसंताचीच आहे. चैत्राच्या शोभेला तेथें स्त्रीचें रूप दिलें असून आंब्याचा मोहर हें तिचें कर्णभूषण झालें आहे. राजधानी धुळीस मिळाली, ग्रंथ हरवला, आणि त्या ग्रंथांतील वसंत मात्र एका शास्त्रकाराच्या वहींत टिकून राहिला.

कुंतकानें सुकुमार मार्गाच्या कवींची आठवण काढतांना कालिदासाच्या बरोबरीनें सर्वसेनाचें नांव घेतलें आहे. या नगराच्या नांवावरून काव्याच्या एका रीतीलाच वच्छोमी म्हणजे वत्सगुल्मी असें नांव पडलें. दहाव्या शतकाच्या आरंभीं राजशेखरानें काव्यमीमांसेंत या कीर्तीवर कळस चढविला. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून निघाला. त्याला वळविण्यासाठीं पार्वतीनें साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग पूर्वेकडे, पांचालांत, अवंतींत आणि दक्षिणेंत फिरली, आणि प्रत्येक देशांत तिचा वेष, नृत्य आणि बोलणें बदलत गेलें. शेवटीं दोघांचें लग्न लागलें तें विदर्भांतील वत्सगुल्म नगरांत, आणि त्या नगराला राजशेखर मदनाचें क्रीडास्थान म्हणतो. शब्द आणि अर्थ यांचें मीलन जेथें व्हावें असें स्थान निवडतांना त्याला खेळाचें नगर आठवलें, ही गोष्ट साधी नव्हे.

याच राजशेखरानें कर्पूरमंजरी नांवाचें संपूर्ण प्राकृत नाटक लिहिलें. त्याचा आरंभ वसंतवर्णनानें होतो. दक्षिणापथांत वच्छोम नांवाचें नगर आहे, तेथें आपण एक कन्यारत्न पाहिलें, असें त्यांतील विदूषक सांगतो, आणि नायिका रंगभूमीवर येते. पुढें ती हिंदोळ्यावर झुलतांना राजाला दिसते. वसंतांतील झोंपाळ्याचें हें आकर्षण त्या काळच्या सर्व कलांतून आढळतें. कालिदासाच्या मालविकाग्निमित्राची नायिका विदर्भाचीच राजकन्या आहे, आणि त्यांत विदूषकाच्या चापल्यामुळें महाराणी झोंपाळ्यावरून पडून पाय दुखावून घेते, म्हणून अशोकाला पायाच्या स्पर्शानें फुलविण्याचा मान मालविकेकडे येतो. तें नाटकही वसंतोत्सवांत करून दाखविण्यासाठीं रचलेलें आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांत इरंदती ही नागकन्या झोंपाळ्यावर बसलेली चित्रकारानें रंगविली आहे. बागेंतला झोंपाळा भिक्षूंच्या विहारांतील भिंतीवरही जाऊन पोंचला.

येथपर्यंतचें चित्र मनोहर आहे. त्याची दुसरी बाजू न पाहणें मात्र इतिहासाशीं प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. पांचव्या शतकाच्या मध्यास देवसेन वत्सगुल्माच्या गादीवर होता. त्याचा मंत्री हस्तिभोज मोठा कर्तबगार होता. राज्याचा भार त्याच्यावर सोंपवून राजा सुखोपभोगांत रमला, असें अजिंठ्याचा शिलालेख सांगतो. तो लेख हस्तिभोजाच्या पुत्रानें, वराहदेवानें, कोरविलेला असल्यामुळें त्यांत पित्याच्या गौरवाचा भाग असणारच. देवसेनाचा पुत्र हरिषेण पराक्रमी निघाला. कुंतल, अवंति, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट आणि आंध्र या देशांशीं त्याचा संबंध त्या लेखांत सांगितला आहे. पण त्याच्या मागें थोड्याच काळांत हें वैभव नाहींसें झालें. इतकें मोठें राज्य एवढ्या लौकर कसें लयास गेलें?

दंडीच्या दशकुमारचरितांत शेवटची कथा विश्रुताची आहे. तींत या प्रश्नाचें उत्तर दडलेलें आहे, असें मिराशींचें मत होतें. विदर्भाचा राजा पुण्यवर्मा मोठा सदाचारी. त्याचा पुत्र अनंतवर्मा बुद्धिमान, परंतु राजनीतीचा कंटाळा असलेला. वृद्ध मंत्री वसुरक्षित त्याला शास्त्राभ्यासाचा उपदेश करतो. तोंच विहारभद्र नांवाचा खुषमस्कऱ्या दरबारी उठून त्या उपदेशाची थट्टा उडवितो. कौटिल्यानें राजाच्या दिवसाचे आठ भाग पाडले, आणि त्यांतला सहावा स्वैर विहारास किंवा मसलतीस दिला. म्हणजे विश्रांतीसाठीं राजाच्या वांट्यास काय आलें, तर पावणेचार घटिका! आजच्या हिशेबानें दीड तास. असें जिणें कोण जगेल, असा विहारभद्राचा सवाल आहे. पुढें अश्मकाच्या राजानें पाठविलेला चंद्रपालित येतो आणि मृगया, द्यूत, मद्यपान या एकेका व्यसनाचे गुण मोठ्या चातुर्यानें वर्णन करतो. शिकारीनें म्हणे चरबी झडते, पाय बळकट होतात, थंडी-ऊन सोसवतें. राजा त्या नादीं लागतो, पाहून पाहून प्रजाही लागते, कोष रिता होतो, शत्रु चालून येतात, आणि राजा मारला जातो.

ही कथा म्हणजे शब्दशः इतिहास असें धरण्याचें कारण नाहीं. तिच्यांतला विचार मात्र मोलाचा आहे. कौटिल्यासारखा कठोर शास्त्रकारही राजाला रोज दीड तास विरंगुळ्यास देतो. म्हणजे विहार दोषास्पद नाहीं. चंद्रपालितानें सांगितलेले शिकारीचे फायदेही खोटे नाहींत. बिघडलें तें इतकेंच कीं, राजाच्या विहाराला ऋतु उरला नाहीं, वेळ उरली नाहीं आणि परत फिरण्याची दुपार उरली नाहीं. उद्यानांत गेलेला नागरक दिवस कलल्यावर तुरा लावून घरीं परत येतो. अनंतवर्मा परत आलाच नाहीं. सहल आणि व्यसन यांतील अंतर या परत येण्यांत आहे.

देवसेनाच्या काळाची दुसरी एक खूण वाशीमच्या जवळच आहे, आणि ती अधिक समाधान देणारी आहे. हिस्से-बोराळा या गांवीं एक शिलालेख सांपडला. शक ३८० मध्यें, म्हणजे इ. स. ४५८-५९ त, देवसेनाच्या स्वामिल्लदेव नांवाच्या अधिकाऱ्यानें सुदर्शन नांवाचें तळें बांधविल्याची त्यांत नोंद आहे. लेखांत शकाचा स्पष्ट उल्लेख असून सप्तर्षींची स्थितिही दिली आहे, त्यामुळें कालगणनेच्या अभ्यासकांसही तो मोलाचा वाटतो. याच सुमारास सौराष्ट्रांत गिरनारच्या पायथ्याशीं असलेल्या प्राचीन सुदर्शन तळ्याचा फुटलेला बांध स्कंदगुप्ताच्या अधिकाऱ्यानें दुरुस्त करविला होता. नांवाचें साम्य चटकन् नजरेंत भरतें. राजाच्या अंतःपुरांत कोणते विलास चालले तें कोणास ठाऊक, पण तळ्याच्या पाण्यावर गुरें आलीं असतील, शेतें भिजलीं असतील आणि उन्हाळ्यांत गांवचीं पोरें पोहलीं असतील. सुखाचें असें सार्वजनिक साधन निर्माण करणारा अधिकारी विहारभद्रापेक्षां राजाचा खरा मित्र म्हटला पाहिजे.

येथें एक प्रश्न टाळतां येत नाहीं. नागरकाची उद्यानयात्रा ही सुखवस्तु माणसाची यात्रा होती. त्याच्या मागून चालणारे नोकर होते. पाण्यांतून मगरी काढून टाकणारेही कोणी असतीलच, परंतु त्यांना सुटी केव्हां मिळे याविषयीं सूत्रकार एक शब्दही बोलत नाहीं. ज्यांच्या कष्टावर दुसऱ्यांची सहल उभी राहते त्यांच्या फुरसतीचा विचार होण्यास फार शतकें जावीं लागलीं. महाराष्ट्रापुरता तो विचार एका निश्चित तारखेला फळास आला. जोतीराव फुले यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना उभारली, आणि त्यांच्या अविरत प्रयत्नांनंतर १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळूं लागली. म्हणून ज्या रविवारीं आज कुटुंबें डबे बांधून निघतात, तो रविवार इंग्रजांनीं सहज हातावर ठेवलेला नाहीं. तो मागून, झगडून मिळविलेला आहे.

खेड्यापाड्यांतील माणूस मात्र या तारखेची वाट पाहत बसला नव्हता. त्याची सहल यात्रेच्या रूपानें चाललेली होतीच. चैत्रांत रामनवमीस मानोरा तालुक्यांतील पोहरादेवी येथें बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते, आणि लांबलांबच्या तांड्यांतून माणसें तेथें येतात. पीक निघालेलें असतें, पेरणीस अवकाश असतो. देवदर्शन होतें, सोयरे भेटतात, लग्नें जुळतात, नवीं गाणीं ऐकूं येतात. वात्स्यायनाच्या देवालयांतील उत्सवाचें हें लोकांनीं जपलेलें रूप होय, आणि त्यांत घोडा, नोकर किंवा उद्यान यांची अट नाहीं. वाशीम शहरांत बालाजीचें अठराव्या शतकांतील मंदिर आणि पद्मतीर्थाचें कुंड यांच्याभोंवतींही असाच उत्सवाचा आणि भेटीगांठींचा संसार वाढला.

आजच्या सुशिक्षित कुटुंबाला वत्सगुल्माचा वारसा चालवावयाचा असेल, तर त्यास जुनीं सोंगें पुन्हां आणण्याचें कारण नाहीं. लाव्यांच्या झुंजी गेल्या तें ठीकच झालें. कारंजा-सोहोळच्या अभयारण्यांत काळवीटें आहेत. त्यांच्या पाठीस बाण लावून धांवण्याऐवजीं दुरून त्यांच्या उड्या पाहणें, हा चंद्रपालिताला न सुचलेला नवा विनोद आहे. बाळगोपाळांना एक संपूर्ण दिवस झाडांचीं आणि पांखरांचीं नांवें शिकवावीं. एखादें वाद्य, एखादें हत्यार, एखादा रंगाचा डबा घरांत असावा. सहलीच्या बैठकींत ग्रंथांतलें आणि गांवांतलें दोन्ही बोलणें व्हावें. ज्या शेतकऱ्याच्या बांधावर हरभरा भाजावयाचा, त्याला आणि ज्या गाडीवानानें पोंचविलें त्याला त्या आगटीभोंवतीं जागा असावी. सूत्रकारानें जें लिहावयाचें राहिलें तें एवढेंच होतें.

फाल्गुन संपतांना सांवरीचीं फुलें झडून जातात. पुढें बोंडें धरतात, वैशाखांत तीं उकलतात, आणि रेशमासारखा पांढरा कापूस वाऱ्यावर उडूं लागतो. तो वेंचून घरोघर उशा भरतात. ज्या झाडानें वसंतांत अलंकार दिले, तेंच उन्हाळ्यांत विश्रांतीचें साधन देतें. त्याच्या कोंवळ्या खोडावर कांटे असतात, म्हणून माणसें सहसा त्यावर चढत नाहींत. जें खालीं पडेल तेंच उचलावें लागतें, आणि तें सर्वांना सारखेंच उचलतां येतें. वैदर्भांनीं आपल्या खेळासाठीं हेंच झाड निवडलें होतें.